बगलेतली वही: रामानुजन आणि त्यांची शिफारसपत्रं



दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. "दादा, एमएससाठी अप्लाय करतोय. सरांकडून एलओआर हवंय. त्यांना माझा एसओपी दाखवू का? मार्कशीट पाठवू का? एका सेमिस्टरला केटी लागली होती, ते सांगू की गप्प बसू?"

हे वाचलं की मला माझी फजिती आठवते. बीटेकच्या शेवटच्या वर्षाला मीही अप्लाय केलं होतं. तीन सरांकडे गेलो, नाव आणि डेडलाइन सांगितली. तिघांचं उत्तर एकच, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग काय, रात्री बसून मीच स्वतःबद्दल तीन पत्रं लिहिली. मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर. विशेषणं तीच, फक्त क्रम बदललेला. पुढे नकार आले. नकाराला कारणं बरीच असतात, त्यामुळे सगळं खापर पत्रांवर फोडत नाही. पण ती पत्रं आज उघडली तर त्यातला मुलगा कोण आहे हे माझं मलाच कळत नाही.

बरीच वर्षं मला सरांचा राग होता. तो गेला श्रीनिवास रामानुजन यांच्याबद्दल वाचताना.

आता तुम्ही म्हणाल, रामानुजन यांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. मद्रासच्या एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं, हार्डींनी हिरा ओळखला, बोलावून घेतलं. पिक्चरही येऊन गेला. पण या गोष्टीत १९१० ते १९१४ ही चार वर्षं आपण फास्ट फॉरवर्ड करतो. त्या चार वर्षांत काय आहे? एकामागून एक शिफारसपत्रं. आज तीच चार वर्षं जरा सावकाश बघू.

मार्कशीट काय सांगत होती?

रामानुजन यांचा जन्म १८८७ चा, इरोडचा. वाढले कुंभकोणमला. शाळेत हुशार, बक्षिसं मिळवणारे. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन गेले आणि तिथे गाडी अडकली. गणित सोडून दुसरं काही करायलाच तयार नाहीत. शिष्यवृत्ती गेली. मग मद्रासचं पचय्यप्पा कॉलेज. तेव्हा मॅट्रिकनंतर एफ.ए. नावाची परीक्षा असायची, साधारण आपल्या बारावीच्या जागी. ती ते १९०६ मध्ये नापास झाले आणि १९०७ मध्ये परत नापास झाले.

१९०९ मध्ये लग्न झालं. म्हणजे १९१० साली परिस्थिती अशी, की वय बावीस-तेवीस, डिग्री नाही, नोकरी नाही, जबाबदारी बायको आणि आईवडिलांची. कागदावर दाखवण्यासारखं काही नाही. फक्त वह्या होत्या. त्यात स्वतः शोधलेली सूत्रं, पानामागून पान. सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच.

"काय हवंय तुला?"

१९१० च्या अखेरीस ते तिरुकोयिलूरला व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटायला गेले. अय्यर डेप्युटी कलेक्टर होते, पण मनाने गणिती. १९०७ मध्ये त्यांनी जी संस्था सुरू केली, तिचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. इथे आपल्या पुण्याचा एक धागा आहे बरं का. या सोसायटीचं ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात होतं.

रामानुजन काय मागायला गेले होते? तालुका कचेरीत कारकुनाची नोकरी. आणि सोबत काय नेलं? वही. अय्यरांनी वही चाळली आणि नोकरी दिली नाही! या माणसाला महसूल खात्याच्या तळाच्या खुर्चीवर बसवणं म्हणजे त्याची बुद्धी गुदमरवणं, असं त्यांना वाटलं. त्याऐवजी त्यांनी मद्रासच्या शेषु अय्यरांच्या नावाने ओळखपत्र दिलं. शेषु अय्यरांनी पुढे आर. रामचंद्र राव यांच्याकडे पाठवलं. राव नेल्लोरचे कलेक्टर, गणिताचे शौकीन.

राव यांनी या भेटीची आठवण नंतर लिहून ठेवली आहे. ठेंगणा, जाडसर, दाढी वाढलेला, फारसा स्वच्छही नसलेला तरुण आत आला. डोळे मात्र चमकदार, आणि बगलेत जीर्ण झालेली वही. रामानुजन यांनी आधी आपली सोपी सूत्रं दाखवली. ती सुद्धा उपलब्ध पुस्तकांच्या पलीकडची होती. मग पायरी पायरीने इलिप्टिक इंटिग्रल्स, मग हायपरजॉमेट्रिक श्रेणी, आणि शेवटी अपसारी श्रेणींचा स्वतःचा सिद्धांत. तिथे राव यांची खात्री पटली. त्यांनी विचारलं, काय हवंय तुला? उत्तर आलं, पोटापुरतं, म्हणजे काम चालू ठेवता येईल.

पण हे एका भेटीत झालं नव्हतं. मध्ये राव यांना शंका आली होती, की हे खरंच याचं स्वतःचं आहे का? तेव्हा कामी आला मुंबईच्या एका गणितज्ञांशी, प्राध्यापक साल्ढाणा यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. साल्ढाणांना रामानुजन यांचं काम कळलं नव्हतं, पण हा माणूस लबाड नाही, हे त्यांचं मत होतं. मला हे फार आवडतं. "मला कळत नाही, पण हा खोटा नाही." हेसुद्धा शिफारसपत्रच की!

राव महिन्याला २५ रुपये पाठवू लागले.

दोन पायऱ्यांमध्ये दहा पायऱ्या

फुकटचे पैसे घेत राहणं रामानुजन यांना बरं वाटेना. ९ फेब्रुवारी १९१२ ला त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. या अर्जात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आपण मॅट्रिक आहोत, एफ.ए.पर्यंत शिकलो, पण प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही, आणि सगळा वेळ गणितात घालवतोय, हे त्यांनी सरळ लिहून टाकलं. ज्युनिअर मंडळी, तुमच्या केटीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

अर्जाला प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं पत्र जोडलं होतं. अगदी छोटं. गणितात असामान्य कुवत आहे, विशेषतः संख्यांच्या कामात, आणि आकडेमोडीला हात जलद आहे. बघा, जागा हिशेबाच्या कारकुनाची आहे, तर आकडेमोडीचा वेग आवर्जून सांगितलाय. पत्र कुठे जाणार आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असलं की असं होतं. नोकरी लागली, पगार ३० रुपये.

पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांचे वरिष्ठ होते एस. नारायण अय्यर. तेही गणिताचे जाणकार. संध्याकाळी दोघं पाट्या घेऊन बसायचे. नारायण अय्यरांच्या मुलाने सांगितलेली एक आठवण आहे. रामानुजन एका ओळीवरून थेट खालच्या ओळीवर उडी मारायचे. अय्यर म्हणायचे, अरे, मलाच कळत नाही तर परके लोक कसं मानतील? माझ्या पातळीवर उतर, आणि तुझ्या दोन पायऱ्यांच्या मध्ये निदान दहा पायऱ्या लिही.

रामानुजन यांना हे जड जायचं. त्यांना उत्तर दिसायचं, मधलं लिहिणं म्हणजे वेळ वाया. पण अय्यरांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं काम चांगलं असणं वेगळं आणि ते दुसऱ्याला साक्ष देता येईल अशा रूपात त्याच्या हातात ठेवणं वेगळं.

एक पार्सल फसतं

हा फरक पडला की काय होतं, ते १९१२ च्या शेवटी दिसलं. मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक ग्रिफिथ यांनी रामानुजन यांच्या कामाचे काही नमुने लंडनला, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्राध्यापक हिल यांच्याकडे पाठवले. हेतू चांगला होता. पण त्या नमुन्यांत एक ओळ अशी होती, की १ + २ + ३ + ४ असं अनंतापर्यंत मिळवत गेलं तर उत्तर येतं उणे एक बारांश.

आता हे आज यूट्यूबवर लाखो लोक बघतात. नेहमीच्या अर्थाने ही बेरीज होतच नाही, ती वाढतच जाते. रामानुजन यांच्या सिद्धांतात अशा श्रेणीला एक विशिष्ट संख्या जोडली जाते आणि त्या अर्थाने उत्तर बरोबर आहे. पण तो अर्थ पार्सलमध्ये नव्हता, नुसती ओळ होती. हिल यांनी वाचलं आणि निष्कर्ष काढला, की हा मुलगा अपसारी श्रेणींच्या खड्ड्यात पडलाय. ब्रॉमविच यांचं अनंत श्रेणींवरचं पुस्तक वाच, असा सल्ला दिला. हिल वाईट माणूस नव्हते. त्यांनी मन लावून उत्तर दिलं होतं. त्यांच्यापुढे जेवढं ठेवलं गेलं, तेवढ्यावरच त्यांनी मत दिलं.

केंब्रिजच्या दोन गणितज्ञांनाही रामानुजन यांनी लिहून पाहिलं होतं. तिथून काही मदत झाली नाही. मग १६ जानेवारी १९१३ चं ते प्रसिद्ध पत्र, हार्डींना. सोबत सुमारे १२० निष्पत्ती. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड कागद घेऊन बसले आणि त्यांना कळलं, की समोर काहीतरी अफाट आहे. ८ फेब्रुवारीला हार्डींचं उत्तर निघालं. काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या, काही नव्या पण कुतूहलापुरत्या, काही नव्या आणि महत्त्वाच्या, अशी वर्गवारी करून त्यांनी मागणी केली, की सिद्धता पाठवा.

रामानुजन यांचं दुसरं पत्र २७ फेब्रुवारीचं. त्यात ते जे मागतात, ते वाचून मी थबकलो. ते केंब्रिजची सीट मागत नाहीत. ते म्हणतात, मी अर्धपोटी माणूस आहे, डोकं चालवायचं तर आधी अन्न हवं. तुमचं एक सहानुभूतीचं पत्र आलं तर इथल्या विद्यापीठाकडून किंवा सरकारकडून शिष्यवृत्ती मिळायला मदत होईल. म्हणजे जगातल्या थोर गणितज्ञाकडे या माणसाने सरळ एलओआर मागितलं होतं. कशासाठी हवंय, कोणाला दाखवायचंय, सगळं स्पष्ट.

सिद्धता मात्र पुरत्या आल्या नाहीत. लिटलवुडना वाटलं, आपली पद्धत कोणी चोरेल अशी याला भीती असावी. हार्डींनी हे कळवलं. एप्रिलमध्ये रामानुजन यांनी उत्तर दिलं, की हे वाचून मला वाईट वाटलं, माझी पद्धत इतरांनी वापरावी याची मला अजिबात भीती नाही. ही शंका आजही असते. "सरांना माझी प्रोजेक्टची आयडिया पाठवली आणि त्यांनी दुसऱ्याला दिली तर?" तेव्हाही होती, फक्त उलट्या बाजूने.

जेवढं पाहिलं तेवढंच

इकडे मद्रासमध्ये २५ फेब्रुवारीला आणखी एक माणूस आला, गिल्बर्ट वॉकर. हवामानशास्त्रात वॉकर सर्क्युलेशन म्हणतात ना, तेच वॉकर. भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख, आणि स्वतः केंब्रिजचे सीनिअर रँग्लर. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना रामानुजन यांचं काम दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाच्या रजिस्ट्रारना पत्र लिहिलं. मजकुराचा अर्थ असा, की पाहिलेलं काम स्वतंत्र बुद्धीच्या दृष्टीने केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजच्या फेलोच्या तोडीचं वाटलं. पण निष्कर्ष सर्वत्र खरे मानायला लागणारी पूर्णता आणि अचूकता त्यात कमी वाटते. शिवाय गणिताची ही शाखा माझ्या खास अभ्यासाची नाही. तरीही विद्यापीठाने या माणसाला काही वर्षं पोटाची चिंता न करता गणित करू द्यावं.

हे पत्र मला या सगळ्यांतलं सर्वात चांगलं वाटतं, कारण ते स्वतःची मर्यादा सांगतं. मी काय पाहिलं, काय पाहिलं नाही, मला काय कळतं, काय कळत नाही. आणि म्हणूनच त्यातलं "फेलोच्या तोडीचं" हे वजनदार होतं.

मद्रास विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने महिना ७५ रुपयांची, दोन वर्षांची संशोधन शिष्यवृत्ती सुचवली. पण नियमाप्रमाणे ती पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी, आणि इथे उमेदवार एफ.ए. नापास! सिंडिकेटमध्ये न्यायमूर्ती सुंदरम अय्यर यांनी मुद्दा मांडला, की विद्यापीठाच्या कायद्याच्या उद्देशिकेतच संशोधनाला चालना देणं हे काम म्हणून सांगितलंय. मग नियम मोठा की उद्देश? शिष्यवृत्ती मंजूर झाली. १ मे १९१३ पासून रामानुजन पगारी संशोधक झाले. दर तीन महिन्यांनी अहवाल द्यायची अट होती, तीही त्यांनी पाळली.

वही घरी घेऊन जा

शेवटची कडी ई. एच. नेव्हिल. ट्रिनिटी कॉलेजचे तरुण गणितज्ञ, १९१४ च्या सुरुवातीला मद्रासला व्याख्यानं द्यायला आले. रामानुजन यांना केंब्रिजला यायला राजी करायचं, हे कामही हार्डींनी त्यांच्यावर सोपवलं होतं.

दोघं वह्या समोर ठेवून बसले. काही भेटी झाल्या आणि एके दिवशी रामानुजन म्हणाले, ही वही तुम्ही घेऊन जा, निवांत बघा.

जरा थांबून विचार करा. झेरॉक्स नाही, ड्राइव्हवर बॅकअप नाही. आयुष्यभराचं काम. नेव्हिल यांनी पुढे म्हटलं, की मला मिळालेला हा सर्वात मोठा सन्मान होता. त्यांच्या मते ती वही त्याआधी कोणाच्याच हाती सोपवली गेली नव्हती.

२८ जानेवारी १९१४ ला नेव्हिल यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. रामानुजन यांचा शोध ही गणिताच्या जगातली आपल्या काळातली सर्वात लक्षवेधी घटना ठरेल, असा त्याचा आशय होता. वॉकर यांच्यासारखी "पण मला खात्री देता येणार नाही" ही पुस्ती इथे नव्हती. असणार कशी? वॉकर यांनी उभ्या उभ्या पाहिलं होतं, नेव्हिल यांनी वही घरी नेली होती. विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड, शिवाय प्रवास आणि कपड्यांचा खर्च मंजूर केला. १७ मार्च १९१४ ला 'नेवासा' जहाजाने मद्रास सोडलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. केंब्रिजनेही पात्रतेचे नियम बाजूला ठेवून प्रवेश दिला, १९१६ मध्ये संशोधनावर बी.ए. दिली, १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि २६ एप्रिल १९२० ला, फक्त बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

मग सरांना काय पाठवायचं?

मी रामानुजन नाही, तुम्हीही बहुधा नसाल, आणि त्याची गरजही नाही. पण या साखळीतल्या एकाही माणसाने त्यांच्याबद्दल मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर असं लिहिलं नाही. प्रत्येकाने जे पाहिलं तेच लिहिलं, आणि जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं. मी माझ्या सरांना काय दाखवलं होतं? नाव आणि डेडलाइन. मग त्यांनी माझ्याबद्दल लिहायचं तरी काय?

गेल्या वर्षी बाजू पालटली. आमच्या टीममध्ये इंटर्नशिप केलेल्या एका मुलीने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. सोबत एसओपीचा कच्चा खर्डा, मार्कशीट, कुठल्या युनिव्हर्सिटीत कुठला कोर्स आणि का, तारखा, आणि एक पान, "तुमच्यासोबत केलेलं काम". त्यात तिने लिहिलं होतं, की अमुक बगवर मी चार दिवस चुकीच्या दिशेने गेले, मग असं सापडलं. खाली एक ओळ, "तिसऱ्या सेमिस्टरला गणितात केटी आहे. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते."

तो बग मी विसरलो होतो. ती ओळ वाचली आणि ते चार दिवस डोळ्यांसमोर आले. पत्र एका बैठकीत लिहून झालं, आणि त्यातलं एक वाक्य असं होतं जे जगात फक्त मीच लिहू शकत होतो. बाकी जे मी पाहिलं नव्हतं, त्याबद्दल मी लिहिलंच नाही. वॉकरसाहेबांकडून शिकलो म्हणा.

तर मेसेज करणाऱ्या सगळ्या ज्युनिअर्सना हे एकच उत्तर. वही उघडून द्या. सोपं आधी, अवघड नंतर, आणि मध्ये दहा पायऱ्या. पत्र कोणाला, कशासाठी, हे स्पष्ट सांगा. नापास झालेलं पानही फाडू नका. आणि "तूच लिहून आण" असं कोणी म्हणालंच, तर न रागावता म्हणा, "सर, मी कागद ठेवून जातो, तुम्ही एकदा बघा तरी."

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या पत्रांच्या गोष्टी मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात, तोपर्यंत काळजी घ्या.